जितेशचा डावा हात

जितेश डोलवीच्या कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर हेल्पर आहे आणि पेणच्या काळुरामदादाच्या बेंजो पार्टीत कीबोर्ड वाजवतो. मी त्याच पार्टीत ढोलकीवर, म्हणजे त्याच्या कोपराशी. त्याला स्वस्थ बसलेलं मी एकदाच पाहिलंय, तेव्हा तो तापाने फणफणला होता.

कॉर्ड तो शिफ्टच्या बसमध्ये मोबाईलवर शिकला. कॉर्ड म्हणजे तीन सूर एकदम दाबायचे, सा-ग-प असे. डाव्या हाताने कॉर्ड, उजव्याने चाल. इथवर ठीक. पण चालीत रे आला की हा बिथरतो, कारण रे त्या तिघांत नाही. मग हा लगेच रे ज्यात बसेल अशी दुसरी कॉर्ड दाबणार. पुढच्या सुराला परत पहिली. वर चाल सरळ सा-रे-ग चाललेली, खाली डावा हात खो-खो खेळतोय. कीबोर्डातला बेस कॉर्डबरोबर उडी मारतो, आणि आमच्याकडे हळदीला बायका बेसवर नाचतात. पेणच्या गेल्या हळदीत त्या पाय कुठे टाकायचा ह्या विचारात उभ्याच राहिल्या.

मी त्याला समजावलं, "रे वाटेवरचा हाय. रोह्याला जाताना नागोठणं लागतं, म्हणून तू तिथं घर घेतोस का?"

"घर नाय. पण उतरून चहा घेतो."

काळुरामदादा समजावत बसला नाही. "रोह्याच्या हळदीत बायका परत थांबल्या तर कीबोर्डवर साईराज. तू स्पीकर उचलायचे." साईराज दादाचा भाचा. त्याला चारच कॉर्ड येतात, त्यामुळे तो सुखी आहे. जितेशला मात्र कंपनीच्या बाहेर हा कीबोर्ड सोडून दुसरं काहीच नाही.

त्यात रोह्याच्या नवऱ्यामुलाने नवीनच काढलं. लग्नविधीची गाणी म्हणते ती आमची धवलारीण, इंदुमावशी. तिच्या गाण्याला कधी वाद्य लागलं नाही, पण नवऱ्याला व्हिडिओसाठी म्युझिक पाहिजे. म्हणून तिच्या ओटीवर तालीम. मावशीने म लावला. जितेशची म-ध-सा कॉर्ड, दोघं खूश. मग ओळ वळली, कॉर्ड सा-ग-पवर उतरली, आणि मावशी अजून 'म'वरच. जितेश कसला राहतोय. गेला परत वर, तिला आणायला.

मावशी थांबली. "माझे मागं कनाला धावतंस रं?"

"मावशी, तुमचा सूर कॉर्डच्या बाहेर राहतो."

"र्‍हाऊ दे. मी वरतीच मरनार हाय का? तू खाली जाऊन बस. मी येतंय मागून."

त्याने पुन्हा वाजवलं आणि पुन्हा धावला. पाच वेळा. सहाव्यांदा मावशीने त्याला चहा दिला नाही.

रोह्याला भर दुपारी हळद लागली. साईराज टेम्पोत आधीच बसून आला होता, नवा शर्ट घालून. मावशीने म लावला. ओळ वळली, जितेश सा-ग-पवर उतरला. वर म तसाच लोंबकळतोय, खालच्या 'ग'ला घासतोय. जितेशचा गुडघा माझ्या ढोलकीवर आपटायला लागला. मावशीने त्याच्याकडे बघितलं, आणि ती तालमीत 'म'वर थांबायची त्याच्या दुप्पट थांबली. मुद्दाम. हळद लावणाऱ्या बायकांचे हातसुद्धा नवऱ्याच्या गालावर थबकले. आता हा धावणार, मी मनात म्हटलं.

नाही धावला. मावशी 'म'वरून सावकाश 'ग'वर आली, आणि सगळ्या मांडवाने एकदम श्वास सोडला.

पुढे नाच सुरू झाला. चालीत रे आले आणि गेले. बेस जागचा हलला नाही, बायकाही बसल्या नाहीत. दोन गाण्यांच्या मध्ये जितेश माझ्या कानाशी वाकला. "मघाचा म टोचला रं."

"सगळ्यांनाच टोचला."

"मग चुकलं?"

"तिला विचार."

विचारायला तो अर्धा उठलाही. काळुरामदादाने खांद्याला धरून त्याला परत कीबोर्डवर बसवला आणि टेम्पोकडे ओरडला, "साईराज, तू जेवून घे."