धर्मशाळेच्या वहीतली रेघ

भुताखेतांचे किस्से सुरू झाले की मला जांभई येते, हे ऑफिसात सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे हे लिहिताना जरा लाजच वाटतेय...

मी साताऱ्यात जुनी दप्तरं स्कॅन करण्याच्या कामावर आहे. दप्तर बांधलेला रुमाल सोडायचा, पानं स्कॅन करायची, रकाने टाइप करायचे. रकाना कोरा असेल तर 'निरंक' लिहायचं, नाहीतर कॉम्प्युटर पुढे सरकत नाही.

उन्हाळ्यात पाटणच्या जुन्या धर्मशाळेचं दप्तर आलं. धर्मशाळा आमच्या जन्माआधीच पाडलेली, आता तिथं गाड्या लावतात. एक नकाशा, पाडण्याचा हुकूम आणि मुक्कामाची वही, एवढंच उरलंय.

त्या वहीत माझ्या भावाचं नाव होतं.

दिलीप माझा धाकटा भाऊ, वडूजला बोर्ड रंगवायचा. सात वर्षांपूर्वी "अक्का, पाटणला एक बोर्ड हाय, उद्या येतो," म्हणून गेला, तो आलाच नाही. पोलीस झाले, देवऋषी झाले. आता त्याची बायको शोभा दुसरं लग्न करणार होती. माणूस चांगला, दोन वर्षं थांबलेला. त्यासाठी कोर्टात मला शपथेवर सांगायचं होतं, की सात वर्षांत दिलीपचा काही मागमूस लागला नाही. शोभा म्हणाली होती, "अक्का, तुमी म्हणाल तर आणखी थांबते."

नावं सारखी असतात, एवढं मलाही कळतं. पण गाव वडूज, धंदा बोर्ड रंगवणे. आणि ती रेघ... पेंटर आधी वरची रेघ मारतात, मग खाली अक्षरं काढतात. दिलीपचा अंदाज कायम चुकायचा. अक्षरं संपायची, रेघ उरायची. माझ्या लग्नाच्या पाकिटांवर त्यानं हेच केलं होतं. "रेघ फुकट मिळती का रं?" म्हणून मी चिडवलं होतं त्याला.

इथंही नाव संपलं होतं आणि रेघ शेजारच्या 'गेल्याची तारीख' या रकान्यात शिरली होती. तिच्याखाली काहीच नव्हतं.

मी माने भाऊसाहेबांना बोलावलं. रेकॉर्डमध्ये त्यांचं उभं आयुष्य गेलंय. त्यांना सगळं सांगितलं. चष्मा लावून ते बराच वेळ पान बघत राहिले.

"बाई, ह्यो रुमाल मीच सोडला सकाळी. गाठ सुटता सुटत नव्हती. कोण हात लावतंय ह्याला?"

मग म्हणाले, "पुढचं पान घ्या."

मला रडू येईल असं वाटलं होतं. काहीच आलं नाही. फोनमध्ये पानाचा फोटो काढला, 'गेल्याची तारीख — निरंक' टाइप केलं आणि डबा खाल्ला. भेंडी होती.

दुसऱ्या दिवशी वडूजला वकिलाकडे गेले. मी प्रतिज्ञापत्रावर सही करत असताना शोभानं हळूच विचारलं, "अक्का, खरंच काय कळलं न्हाई ना?"

"न्हाई," मी म्हटलं.

शोभा आता कवठे महांकाळला असते, सुखात आहे. वही रुमालात परत गेली, गाठ मीच मारली. ते नाव तिथं कसं आलं, मला आजही सांगता येत नाही. मी खोटी शपथ घेतली का, तेही कळत नाही. सही केली तेव्हा तो फोटो माझ्या पर्समधल्या फोनमध्ये होता, एवढंच खरं.