बिराप्पाचं धाबं

आमच्याकडे काळी म्हणजे शेतं आणि पांढरी म्हणजे वस्तीची जमीन. ओढ्यापलीकडच्या टेकाडावर वस्ती कुणीच पाहिली नव्हती, तरी सगळे त्याला पांढरीच म्हणत. का, हे विचारायची बुद्धी एकालाही झाली नाही. आमचं गाव असंच.

त्या टेकाडाची माती गाढवांवर लादून आणायची आणि लोकांच्या घरांवर धाबी, म्हणजे मातीची सपाट छपरं, घालून द्यायची, हा बिराप्पाचा धंदा. विट्याच्या या अंगाला तेव्हा बहुतेक घरं धाब्याचीच. पांढरीची माती चापून बसवली की पाण्याचा थेंब खाली येत नसे. तीस वर्षं त्याने हेच केलं.

१९७४च्या उन्हाळ्यात पुण्याहून साहेब आले. टेकाडाखाली सातवाहनांच्या वेळचं शहर आहे म्हणाले. खोदकाम सुरू झालं. मातीचा रंग बदलला की बिराप्पाची कुदळ आपोआप थांबायची, म्हणून साहेबांनी त्याला मुकादम केलं. गडी नवा पटका बांधून कामावर येऊ लागला. मी शाळामास्तर. सुट्टीत तिथे सापडलेल्या वस्तूंच्या चिठ्ठ्या लिहीत होतो.

तिसऱ्या आठवड्यात विटांची फरशी लागली आणि ऐन मधोमध भला मोठा खड्डा. साहेब भडकले.

"कोण चोर हा? अर्धं शहर उपसून नेलंय!"

सगळे मुकाट. मीसुद्धा.

बिराप्पाने कुदळ खाली ठेवली. "चोर न्हाई सायेब, मी हाय. धाब्यास्नी माती हितनंच न्हेली."

"उद्यापासून येऊ नका."

दुसऱ्या दिवशी तो स्वतःच्याच घरावर चढून धाबं उकरू लागला. त्याची बायको रंगुबाई खालून ओरडत होती, "आवं, याड लागलंय का तुमास्नी?" त्याने सगळी माती चाळून काढली आणि चौथ्या दिवशी बोडक्याने खोदकामावर आला. पटक्यात शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, मणी आणि शिशाचं एक नाणं बांधून आणलं होतं.

साहेबांनी नाणं बराच वेळ निरखलं. "कुठल्या थरातलं, ते आता कळायचं नाही. त्याशिवाय याचा फारसा उपयोग नाही, बिराप्पा."

"मग घर उगंच उघडं केलं व्हय?"

त्याचा चेहरा मला बघवेना. मग साहेबांनी उपसलेल्या मातीच्या ढिगाकडे हात केला. "ती आमची तपासून झालीय. धाबं घालून घ्या आणि सोमवारी कामावर या." माझ्याकडे वळून म्हणाले, "मास्तर, चिठ्ठी लिहा."

"थर कुठला लिहू?"

"बिराप्पाचं धाबं."

मी लिहिलं. गावात तसली आणखी दोनशे धाबी होती आणि त्यातलं एक माझं. तेवढं सांगायची माझी छाती झाली नाही.