देवमाणसाची बायको

पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात त्याला सगळे हिरो म्हणायचे, आणि ते ऐकलं की लाँड्रीत इस्त्री करणाऱ्या त्याच्या बायकोच्या डोक्यात तिडीक जायची. लग्न झालं तेव्हा तिलाही गंमत वाटायची. सिनेमा सुटला की घर येईपर्यंत त्याचं एकच पालुपद. हिरो चार जणांना लोळवतो म्हणून मोठा नसतो; दुसऱ्याचा आळ अंगावर घेतो आणि तोंडातून ब्र काढत नाही, म्हणून मोठा असतो.

मग एका दुपारी कटिंग मशीनमध्ये एका कामगाराची बोटं गेली. माल भराभर निघावा म्हणून मशीनची संरक्षक जाळी मुकादमाने काढून टाकली होती. मुकादम हिरोचा लहानपणापासूनचा मित्र. मालकाने जाब विचारला, तेव्हा मुकादमाने तोंड उघडण्याआधीच हिरो पुढे झाला.

"जाळी मी काढली."

नोकरी गेली. घरी येऊन त्याने बायकोला खरं काय ते सांगितलं. चेहऱ्यावर तेज असं, की जणू बाहेर टाळ्या पडताहेत.

"अगं, त्याला दोन मुली आहेत."

"आणि आपल्या घरात काय मांजरं आहेत?"

तो नुसता हसला. अशा वेळी हिरो हसतोच.

मुकादम फळांची पिशवी घेऊन आला. "वहिनी, देवमाणूस आहे तुमचा नवरा."

"मग न्या की तुमच्या देव्हाऱ्यात. इथे जागा नाही." पिशवी तिने उंबऱ्याबाहेर ठेवली आणि दार लावून घेतलं.

हिरो गोदामावर वॉचमन झाला. बोटं गेलेला कामगार त्याला पाहून रस्त्यात थुंकायचा, शिव्या घालायचा. ह्याला त्याचंही कौतुक! गैरसमज सोसायला छाती लागते म्हणे.

दोन वर्षांनी त्याच मशीनवर, तशीच जाळी काढलेली असताना, एका बाईचा हात मनगटापासून गेला. लाँड्रीत ही बातमी आली तशी हिच्या हातातली इस्त्री थांबली. बटण बंद करून ती तडक त्या बोटं गेलेल्या माणसाच्या दारात गेली आणि सगळं बोलून मोकळी झाली.

"म्हणजे मी चुकीच्या माणसाला शिव्या घालत होतो?"

"चुकीच्या नाही. एकाला कमी पडल्या, एवढंच."

दोघं मिळून मालकाकडे गेले, तिथून पोलिसांत. हिरोला बोलावणं आलं. त्याने मान खाली घालून खरं सांगितलं. मुकादमाला अटक झाली.

"मला चव्हाट्यावर आणलंस," घरी येताच तो गरजला. "बायको आहेस का वैरीण?"

"तू तेव्हा आळ अंगावर घेतला नसतास तर त्या बाईचा हात शाबूत असता."

त्या दिवसापासून त्याने अबोला धरला. ताट वाढलं की जेवतो, भिंतीकडे तोंड करून झोपतो. तिनेही त्याची मनधरणी केली नाही.

सुट्टीच्या दिवशी ती त्या बाईला भेटायला गेली. बाई खाटेवर बसून होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्यापासून."

"मग निघा तुम्ही."

ती निघाली. मागे दाराची कडी वाजली.