सुजाताचे स्फटिक

सुजाता गेली, हे तिच्या नवऱ्यानं, अविनाशरावांनी, मला फोनवर सांगितलं तेव्हा मी लोणी देवकरच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत उभी राहून हाताखालच्या पोरींवर ओरडत होते. कुणीतरी ब्युरेटचा कॉक अर्धवट उघडा ठेवला होता आणि सगळं द्रावण ओट्यावर ठिबकत होतं. फोन कानाला लावून मी "जरा थांबा हं" असंसुद्धा म्हणाले. ते बिचारे थांबले. मग म्हणाले, "मंगलताई, सुजाता गेली. सकाळी चहा ठेवताना चक्कर आली, दवाखान्यात नेईपर्यंत…" पुढचं मला ऐकूच आलं नाही. मी तो कॉक नीट बंद केला, हात धुतले आणि मग मला रडू फुटलं. आदल्याच रविवारी इंदापूरला तिच्या घरी आम्ही दोघी चांगल्या दोन तास गप्पा हाणत बसलो होतो. निघताना म्हणाली, "पुढच्या रविवारी मी येते तुझ्याकडं." ती आली असती तर मी तिला म्हणणार होते की, चल, बारामतीला आपल्या एम.एस्सी.च्या सरांकडं जाऊ आणि खरं काय ते सांगून टाकू. पण कशाला खोटं बोलू? हे मी बावीस वर्षं स्वतःला सांगत आले होते.

आमची ओळख झाली ती एसटीत. बारामतीच्या कॉलेजात बी.एस्सी.ला नाव घातलं तेव्हा मी सणसरला गाडीत चढायचे. ती इंदापूरहून बसून यायची. पहिल्या आठवड्यात तिच्या मांडीवर रसायनशास्त्राचं पुस्तक बघितलं आणि मी शेजारी जाऊन बसले. दुसऱ्या दिवसापासून ती माझ्यासाठी जागा धरायला लागली. तिच्या घरी भिंतीवर बुद्ध आणि खाली पुस्तकांचं कपाट, आमच्या घरी भिंतीवर साखर कारखान्याचं कॅलेंडर आणि खाली खताची पोती. त्यामुळं अभ्यास कसा करतात हेसुद्धा मी तिच्याकडंच शिकले. बारावीला मी कशीबशी सुटले होते. वर्गात 'मोल' सुरू झाला आणि माझ्या डोक्यावरून पार निघून गेला. इतके कोटी कोटी अणू मोजले कुणी, मला हेच कळेना. शेवटी मी गाडीत तिला सांगून टाकलं की, माझं काय हितं जमत न्हाय, मी घरी बसते. तेवढ्यात शेजारून उसानं भरलेला ट्रॅक्टर चालला होता. ती म्हणाली, "मंगे, तुमच्यात ऊस मोजत्यात का?" मी म्हटलं, "येडी का खुळी तू? ऊस कोण मोजतं? काट्यावर वजन करत्यात." "मग झालं की. अणूबी कोण मोजत न्हाय. वजन करायचं, त्यावरनं किती ते काढायचं." एवढंच. मी आज पंचवीस माणसांची प्रयोगशाळा चालवते, पण माझं रसायनशास्त्र खरं सुरू झालं ते त्या खिडकीशी, त्या ट्रॅक्टरच्या मागं.

दुसऱ्या वर्षी क्षार ओळखायचे प्रयोग आले आणि आम्ही दोघी वासानं ओळखू यायला लागलो. तो हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू म्हणजे शुद्ध नासकी अंडी. ओढण्या धुवा, केस धुवा, वास काही जायचा नाही. संध्याकाळच्या गाडीत आम्ही चढलो की आजूबाजूच्या बायका पदर नाकाला लावायच्या. पिंपळीचे एक आबा रोज त्याच गाडीला असायचे. एकदा त्यांनी विचारलंच, "पोरींनो, कुणाची अंडी नासली म्हणायची ही?" मी लाजून खिडकीबाहेर बघायला लागले. सुजाता मात्र सरळ त्यांच्याकडं वळून म्हणाली, "आबा, अंडी न्हाईत. वायू सोडून धातू हुडकत होतो." आबांनी जरा विचार केला. "घावला का?" "घावला. तांबं हाय." "मग बास झालं," म्हणाले आणि तेव्हापासून कुणी नाक मुरडलं की आबाच त्याला गप्प करायचे, पोरी धातू हुडकत्यात म्हणून. आम्ही हसून हसून मेलो होतो त्या दिवशी.

एम.एस्सी.ला आलो तेव्हा मात्र थट्टा कमी झाली. आमचे सर कडक. प्रयोगशाळेत त्यांची चाहूल लागली की स्टुलं आपोआप सरळ व्हायची. सुजाताचा हात हलका होता. ती द्रव ओतायची तेव्हा आवाजसुद्धा यायचा नाही. माझा हात म्हणजे शेतातला. मी काचेचे दोन कंडेन्सर फोडले, आणि दुसरा फुटला तेव्हा सरांनी सगळ्यांदेखत सांगितलं, "मंगल, आता आणखी एक गोष्ट तुझ्या हातून वाया गेली, की तू या प्रयोगशाळेच्या बाहेर. प्रकल्पाचं तुझं तू बघ." शेवटच्या सत्रात प्रत्येकाला एकेक संयुग बनवायला दिलं होतं. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत संशोधनाला सर एकच नाव पाठवणार होते, आणि ज्यांचे स्वच्छ स्फटिक निघतील त्यांच्यात जिचं संयुग सगळ्यात अवघड, तिचंच नाव जाणार होतं. सुजाताला तिथं जायचंच होतं. ती तसं उघड बोलायची नाही, पण त्या प्रयोगशाळेचा पत्ता तिनं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला होता. मलाही जायचं होतं. नाही कशाला म्हणू?

आता गंमत बघा. माझं संयुग सोपं, ते दुसऱ्याच दिवशी जमलं, साखरेसारखं. आणि तिचं सगळ्यात अवघड, सगळं मापात करूनसुद्धा तीन महिने नुसता तपकिरी चिकटा! शेवटी तिनं ते अल्कोहोलमध्ये विरघळवलं, फ्लास्कवर गाळणकागद झाकला आणि खिडकीत ठेवून दिलं. "त्याला एकटं सोडायचं," म्हणाली. "सारखं हलवलं की ते रुसतं." शनिवारी काचसामान धुवायची पाळी माझी होती. ती डबा खायला खाली गेली होती. आमच्याकडं एक वाईट सवय सगळ्यांनाच होती… जुन्या फ्लास्कांवर मागच्या वर्षाच्या पोरांच्या नावाच्या चिठ्ठ्या तशाच चिकटलेल्या असायच्या, त्यामुळं चिठ्ठी दिसली की ती वाचायची नाही, पाण्यात भिजवायची आणि नखानं खरवडायची. मी त्याच सवयीनं खिडकीतले चारपाच फ्लास्क उचलले, वरचे कागद काढून टाकले. त्यातल्या एकात तपकिरी पाणी होतं. मी ते बेसिनमध्ये ओतलं, ॲसिटोन घालून फिरवलं, चिठ्ठी खरवडली. फ्लास्क फिरवताना तळाशी काहीतरी चमकलं, बारीक पांढऱ्या सुया असतात तसं. बघता बघता विरघळून गेलं. त्या क्षणी मला कळलं की आपण काय केलं. नखात अडकलेला कागदाचा तुकडा मी बघितला. त्यावर शिसपेन्सिलीनं लिहिलेला 'सु' उरला होता.

ती वर आली. उपडा ठेवलेला फ्लास्क तिनं बघितला, मग माझ्या तोंडाकडं बघितलं. विचारायची गरजच नव्हती. ती स्टुलावर बसली. मी नुसती रडत होते. तेवढ्यात सर आले. परीक्षेला दहा दिवस उरले होते, नवं सामान मागवून ते सगळं पुन्हा करायला वेळच नव्हता. सरांनी विचारलं, "सुजाता, खिडकीतला नमुना कुठाय?" मी तोंड उघडलं… खरंच उघडलं होतं, पण आवाज फुटला नाही. आणि ती म्हणाली, "सर, माझ्या हातून सांडला." सर तिला काय वाट्टेल ते बोलले. तिनं खाली मान घालून ऐकून घेतलं. संध्याकाळी गाडीत मी तिला विचारलं, "तू खरं का न्हाय सांगितलंस?" ती म्हणाली, "सांगून माझे स्फटिक परत येणार हायत व्हय? उलट तुझं जाईल. दोघींचं जाण्यापरास एकीचं राहू दे." थोड्या वेळानं म्हणाली, "आता ह्यावर पुन्हा बोलायचं न्हाय, मंगे." आणि मी मेली, मी खरंच पुन्हा बोलले नाही! पुण्याला नाव गेलं ते माझं.

मी पुण्याला डॉक्टरेट केली, नोकरी केली, मग लोणी देवकरला आले. ती इंदापूरच्या एका कॉलेजात अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवू लागली. जवळ आल्यावर रविवारी भेटी सुरू झाल्या. माझ्या पोराच्या बारशाला ती रात्रंदिवस राबली, तिच्या लेकीकडून मी पिरिऑडिक टेबल पाठ करून घेतलं. कारखान्यात काही अडलं की मी तिलाच फोन करायचे. ती विचारायची, "तापमान किती ठेवलंस?" आणि बहुतेक वेळा चूक तिथंच निघायची. तिच्यासारखा हात पुण्याच्या त्या प्रयोगशाळेत मी कुणाचा बघितला नाही. हे तिला मी कधी सांगितलं नाही, कारण ते सांगायचं तर त्या शनिवारपासून सुरुवात करावी लागली असती.

ती गेल्यावर चार आठवड्यांनी तिच्या कॉलेजनं शोकसभा ठेवली. पोरांनी हट्ट धरला म्हणून सभागृहात नव्हे, तिच्या प्रयोगशाळेतच. आमचे सर बारामतीहून आले होते, काठी टेकत. अविनाशराव लेकीला घेऊन पुढं बसले होते. बारावीतली एक मुलगी बोलायला उभी राहिली. म्हणाली, "मॅडम दरवर्षी पहिल्या तासाला एक गोष्ट सांगायच्या. एम.एस्सी.ला त्यांनी फार मेहनतीनं एक पदार्थ बनवला होता. पण त्यांनी फ्लास्कवर चिठ्ठी लावली न्हवती. मैत्रिणीनं चुकून तो धुतला. मॅडम म्हणायच्या, त्यात मैत्रिणीची काय चूक? चिठ्ठी लावली न्हाय, चूक माझी. म्हणून तुमी चिठ्ठी लावल्याबिगर काय ठेवायचं न्हाय." पोरं माना डोलवत होती. सगळ्यांना ती गोष्ट पाठ होती. सरांसमोर एकदा खोटं बोलली ते मी समजू शकत होते. पण वर्षानुवर्षं, नवीन नवीन पोरांसमोर, जिथं मी नव्हते, माझं नावसुद्धा कुणाला माहीत नव्हतं, तिथंही बाईनं मला झाकूनच ठेवलं होतं.

माझं भाषण ठरलेलं नव्हतं. मी उभी राहिले आणि म्हणाले, "चिठ्ठी होती." कुणाला काही कळेना. मी पुन्हा म्हणाले, "फ्लास्कवर चिठ्ठी होती. तिचं नाव होतं. मी न वाचता खरवडली. ती मैत्रीण मी." मग सगळं सांगितलं, बेसिन, ॲसिटोन, त्या पांढऱ्या सुया, सगळं. अविनाशराव माझ्याकडं बघत राहिले. त्यांना यातलं अक्षर माहीत नव्हतं. सरांनी चष्मा काढला. "स्फटिक आले होते?" त्यांनी विचारलं. "आले होते, सर. मी बघितले." "म्हणजे पुण्याला तिचं नाव जायला पाहिजे होतं." मी म्हटलं, "व्हय, सर." त्यांनी चष्मा पुसून पुन्हा चढवला. मला रागावले असते तर बरं झालं असतं. मी बसले तेव्हा सुजाताच्या लेकीनं माझा हात धरला आणि तो सभा संपेपर्यंत सोडला नाही.

नंतर चहा झाला. पोरी कप गोळा करायला लागल्या, तर मी म्हटलं, द्या इकडं, मी धुते. एवढ्या माणसांसमोर नुसतं बसून राहणं मला जमेना. कप घेऊन कोपऱ्यातल्या बेसिनशी गेले आणि नळाला हात घातला. समोर भिंतीवर, बरोबर डोळ्यांच्या उंचीवर, प्लास्टिकमध्ये घातलेला एक कागद होता. तिचं अक्षर, गोल, सरळ रेषेतलं. 'धुण्याआधी चिठ्ठी वाचा.' बास, एवढंच.

बघा! म्हणजे होतंच की मनात बयेच्या! पोरांना सांगताना चूक माझी, माझी म्हणायची, आणि इथं बेसिनवर मात्र… मला एकदम हसू आलं आणि रडू आलं, दोन्ही एकदम. बावीस वर्षांत मला त्यावरून एक शब्द बोलली नव्हती. मी तो कागद मोठ्यानं वाचला. पुन्हा एकदा वाचला. मग कप धुवायला घेतले.