फ्रीझर रिकामा करायचा नाही

रंजना गेल्याचा फोन आला तेव्हा मी आर्वीच्या एसटीत होते. आज महिन्यानं लिहायला बसलेय, तर खरं सांगते, रडू कमी आणि राग जास्त येतोय. तिसऱ्याच दिवशी आमच्या प्रयोगशाळेच्या साहेबांची चिठ्ठी आली होती. तिचा रक्तनमुन्यांचा फ्रीझर रिकामा करा, जागा हवी आहे.

त्यात काय आहे ते सांगते. वर्ध्याच्या आमच्या लहानशा प्रयोगशाळेत ती संशोधक, मी तंत्रज्ञ. नव्वदच्या दशकात हिंगणघाटच्या कापसाच्या जिनिंगमध्ये काम करणारी सुशीला काठी टेकत आमच्याकडे आली. पाय लाकडासारखे ताठ झालेले. रंजनानं तिच्या रक्तात एचटीएलव्ही शोधला. हा विषाणू पांढऱ्या पेशींत जन्मभर ठाण मांडून बसतो, आईच्या दुधातून बाळाकडे जातो. बहुतेकांना काही होत नाही, सुशीलासारख्या थोड्यांचे पाय जातात.

समजावून सांगताना रंजना म्हणाली, हा एड्सच्या विषाणूच्या कुळातला. झालं! कूळ कळल्यावर आमच्याकडे पुढचं कोण ऐकतं? घरात सुशीलाचं ताट-गिलास वेगळं झालं. हे कळलं तशी रंजना पेटली, स्वतःवरच. तिच्या आजोबांच्या ओंजळीत लोक वरून पाणी ओतायचे, वेगळ्या गिलासाचा अर्थ तिला कुणी शिकवायला नको होता. दुसऱ्या दिवशी आम्ही सुशीलाच्या दारात. तिच्या गिलासातलं उरलेलं पाणी रंजना सगळ्यांदेखत घटाघटा प्यायली.

"चूक माही झाली, मावशी. शिवल्यानं, जेवल्यानं हे लागत नाई."

"मंग पयलेच काऊन नाई सांगतलं?" सासू तडकली.

"अक्कल नोती मले."

सासूनं ते ताट-गिलास उचललं आणि घरातल्या भांड्यांत नेऊन ठेवलं.

त्या दिवसापासून रंजनाला एकच ध्यास. रक्तात या विषाणूविरुद्ध प्रतिपिंडं तर भरपूर सापडतात, पण त्यातली नेमकी कोणती त्याला पेशीत शिरूच देत नाहीत? ती ओळखली तर लस करता येईल. ती म्हणायची, "चोर घरात घुसल्यावर कुत्रं भुकून का उपेग? उंबऱ्यावरच भुकलं पाह्यजे." सुशीला दर काही महिन्यांनी यायची, रक्त द्यायची, वर रंजनालाच दटावायची की तू जेवत नाहीस. अशी आणखी माणसं रंजनानं गावोगाव फिरून जमवली. निधी मागायला गेलो तर समितीतले एक गृहस्थ हसून म्हणाले, "बाई, आपल्याकडे याचे रुग्ण आहेत किती?" रंजना ताडकन म्हणाली, "मोजले कधी तुम्ही?" निधी मिळाला नाही, अर्थातच. मग उरल्यासुरल्या रसायनांवर आम्ही वर्षानुवर्षं काम रेटलं. लस झाली नाही. कोणी म्हणेल वाया गेलं. म्हणोत बापडे! कोणती प्रतिपिंडं कुचकामी, याची यादी ती करून गेलीय, आणि उरलेल्यांचा शोध फ्रीझरमधल्या त्या रक्ताच्या नळ्यांतूनच लागायचा आहे.

चिठ्ठी आल्यावर मी सुशीलाला फोन केला. दुसऱ्या दिवशी ती पहिल्या एसटीनं आली, लेकीच्या खांद्याला धरून. लेकीला सातवा महिना. सुशीला थेट साहेबांच्या खोलीत शिरली. मी मागे.

"साहेब, त्या फ्रीजात माहं रक्त हाय," ती म्हणाली. "ताईले देल्लं ते का नालीत फेकाले देल्लं? हिलेबी मी माहं दूध पाजलं हाय. उद्या हिच्या लेकरानं इचारलं तर का सांगू?"

साहेबांनी मान खाली घातली. "राहू द्या फ्रीझर," एवढंच पुटपुटले.

मला वाटलं, झालं, आता ती घरी जाईल. तिनं खुर्ची ओढली, बाही वर केली आणि माझ्यावर खेकसली, "तुमी का पाहून राह्यल्या? ताई गेली, काम गेलं काय? घ्या आजचं."

मी तिच्या दंडाला पट्टा बांधला.