व्यायामासाठी चकोट

माझे वडील जिवंत आहेत की नाहीत, हे मला एकदा एक रात्र आणि अर्धा दिवस माहीत नव्हतं. त्याचं कारण शोधत मागे गेलो की ते डोकं धुण्यापाशी येऊन थांबतं. लोक मधल्या पायऱ्या विचारतात. त्या मलाही अजून नीट लागत नाहीत, पण क्रमाने सांगतो.

नव्वदीतली गोष्ट. मी सुरतेजवळ उधन्यात लूमवर, म्हणजे यंत्रमागावर होतो. बारा तासांची पाळी. ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना लावलेली खळ वाळते, तिची पांढरी पूड दिवसभर उडते, तिच्यात धाग्याचा बारीक भुसा असतो आणि हे सगळं डोक्यावर येऊन बसतं. पाळी सुटली की मी तसाच व्यायामशाळेत जायचो. तिथे घाम आला की पूड भिजून तिची पुन्हा खळ व्हायची. कापडाला जो कडकपणा यावा म्हणून मालक पैसे मोजायचा, तो माझ्या केसांना फुकट यायचा. मग खोलीवर येऊन आंघोळ, ती बोअरच्या खाऱ्या पाण्याने. त्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, त्याची चोथापाण्यासारखी फुटकी साय होते आणि ती केसांनाच चिकटते. धुतल्यानंतर डोकं धुण्याआधीपेक्षा जड लागायचं. सहा महिन्यांत कंगव्यात इतके केस यायला लागले की मी कंगवा वापरणं सोडून दिलं.

व्यायामशाळा म्हणजे शेडमागची पत्र्याची खोली. वजनं म्हणून जुन्या लूमची दातेरी चाकं सळईत ओवलेली. तिथले उस्ताद वऱ्हाडातून आलेले. भिंतीवर मारुतीचा फोटो, शेजारी उस्तादांचा गळ्यात पट्टा घातलेला फोटो. उदबत्ती मारुतीला लावलेली असायची, पण धूर दोघांनाही मिळेल अशी सोय होती.

केसांचं मी त्यांना विचारलं. "घाम मुळात मुरला की मूळ कुजते," ते म्हणाले. "व्यायाम करणाऱ्यानं डोकं रोज धुवावं." मी रोज धुवायला लागलो. शांपूची पुडी, रिठे, एकदा ताक. ताकाच्या दिवशी शेडमधल्या सगळ्या माश्या माझ्या लूमवर कामाला आल्या होत्या. महिन्याभराने उस्तादांनी माझं डोकं पाहिलं आणि विचारलं, "रोज धुते का रे तू? म्हणून जाऊन राहिले. रोजच्या धुण्यानं मुळाची ताकद पाण्यासोबत निघून जाते."

मी म्हटलं, तुम्हीच रोज धुवायला सांगितलं होतं.

"ते बी खरं आहे," उस्ताद म्हणाले.

मग एक महिना आठवड्यातून एकदाच धुतलं. केस तेवढेच गेले. धुण्याने जातात की न धुण्याने, घामाने की पाण्याने, की आमच्या घराण्यातच ते जायचे असतात, हे काही ठरेना. रद्दीवाल्याकडून किलोने घेतलेली पुस्तकं मी तेव्हा वाचायचो. शरीरावरचं एक निघालं, त्यात टाळू हा शब्द फक्त तोंडाच्या आतल्या टाळूसाठी होता. शेवटी उस्तादांनी निकाल दिला, "चकोट करून टाक. जुने पैलवान काय पागल होते? केसच नाही तर धुवायचं काय?" त्यांचे स्वतःचे केस मात्र जागेवर होते आणि महिन्याच्या महिन्याला नव्याने काळे होत.

खोलीतला माझा जोडीदार बीडकडचा. एकच खाट, तो रात्रपाळीला आणि मी दिवसपाळीला, म्हणून भांडण नव्हतं. त्याला सांगितलं तर चहा पिता पिता थांबला.

"बाप हाय न्हवं तुझा?"

"आहे की."

"मग?"

मी त्याला समजावलं. मुलाच्या केसांचा आणि वडिलांच्या आयुष्याचा काही संबंध नसतो, ती एक समजूत आहे. शिवाय हे सुरत आहे. इथे तेलुगू विणकर देवाला जाऊन दरवर्षी डोकी उतरवून येतात, त्यांना कोण विचारतं? तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, "मला कशाला सांगतो राव? गावाला सांग."

बुधवारी पाळी सुरू व्हायच्या आधी गेलो. न्हाव्याने माझं म्हणणं ऐकलं आणि रेडिओ बंद केला. मला वाटलं, कामात लक्ष हवं असेल. मी सांगितलं नव्हतं तरी त्याने मागे शेंडी ठेवली. व्यायामाला शेंडीचा उपयोग नाही म्हणून ती मी परत बसून काढायला लावली, तेव्हा त्याने हात जोडल्यासारखं काहीतरी केलं.

पहिली आंघोळ मात्र विसरणार नाही. एक तांब्या पुरला. पाणी डोक्यावर पडलं आणि सरळ खाली गेलं, वाटेत कुठे अडलं नाही. डोकं धुणं हे वेगळं काम उरलंच नाही, तोंड धुता धुता हात जरा वर न्यायचा. उस्तादांबद्दल मला पहिल्यांदा आदर वाटला.

दोन दिवसांनी, शुक्रवारी, शेडमधल्या मुकादमाने मला स्टूल दिलं. चार वर्षांत त्याने मला बसायला सांगितल्याचं आठवत नाही. मी म्हटलं, साहेब, हे व्यायामासाठी आहे, केस धुवायला त्रास होतो म्हणून. त्याने खांद्यावर हात ठेवला. "हो, हो. व्यायाम कर. मन रमतं." मी जितकं स्पष्ट करून सांगू तितका त्याचा चेहरा पडत गेला. शेवटी मी बसलो.

संध्याकाळी वाटेत गावाकडचे एक काका भेटले. इथे भाजीची गाडी लावायचे, गावी आमच्याच गल्लीतले, आदल्या दिवशीच गावाहून परतलेले. मला पाहून त्यांनी तराजू खाली ठेवला.

"तुले कोनी सांगं?"

"काय?"

"मी आज येनारच व्हतू तुनाकडे. पायच निघेना."

"काका, काय झालंय?"

ते माझ्या डोक्याकडे बघत बोलत होते. वडील बुधवारी पडले. लोकांनी खाटेवर घालून त्यांना तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. "तठलगून मी देखं," काका म्हणाले. तिथपर्यंतच त्यांनी पाहिलं होतं, दुसऱ्या दिवशी ते गाडीत बसले. "पुढलं आते तुनाकडथून समजनं." पुढचं म्हणे आता माझ्याकडून कळलं.

मी सांगितलं की माझ्याकडे काही बातमी नाही, मी हे व्यायामासाठी केलंय. काकांचे डोळे भरून आले. पोरगं भ्रमिष्ट झालं, असं त्यांना वाटलं असावं. माझाही गोंधळ साधा नव्हता. अर्धी बातमी त्यांच्याकडे होती आणि ती खरी होती. उरलेली अर्धी त्यांनी माझ्या डोक्यावरून वाचली, आणि तिथे ती मीच पैसे देऊन लिहून घेतली होती. म्हणजे तिला काही अर्थ नव्हता. पण अर्थ नाही म्हणून ती खोटीच असेल, असंही म्हणता येत नव्हतं.

"बुधवारी किती वाजता पडले?" मी विचारलं.

"सकायमा."

सकाळी, म्हणजे न्हाव्याकडे होतो तेव्हाच, किंवा जरा आधी, किंवा नंतर. ही वेळ मी का विचारली ते मला आजही सांगता येणार नाही. समजूत आणि तेलुगू विणकर यांबद्दल मी जोडीदाराला जे ऐकवलं होतं, ते त्या क्षणी मला शब्दशः आठवत होतं.

गावात फोन एका किराणा दुकानात होता. एसटीडी बूथवरून लावला. चौथ्या खेपेला लागला, खरखरीतून दुकानदाराचा आवाज आला. मी नाव सांगितलं, आबा, म्हणजे वडील, कसे आहेत विचारलं. तो म्हणाला, "हां, हां. तू ये." आणि लाईन गेली. 'तू ये' या दोन शब्दांतून मी पुढचा सगळा वेळ काय काय काढत होतो. मेलेल्याच्या घरी असंच बोलावतात, आणि पाय मुरगळलेल्याच्याही.

सकाळची भुसावळ पॅसेंजर पकडली. गर्दी होती, पण मला खिडकीजवळ जागा करून दिली. समोरच्या बाईंनी न विचारता संत्रं सोलून दिलं. तिकीट तपासणारा माझ्यापाशी आला, डोक्याकडे बघितलं आणि पुढे गेला, खिशातलं तिकीट काढलेलं हातात तसंच राहिलं. मी कोणालाही काही समजावून सांगितलं नाही. नंदुरबार येईपर्यंत मला स्वतःलाच खात्री उरली नव्हती की हे केस मी घामापायीच काढले.

स्टेशनवरून एसटी धरली, फाट्यावर उतरून गावात चालत गेलो. दोन माणसांनी वाटेत टोपी काढली. घरासमोर गर्दी नव्हती, याचा अर्थ चांगला घ्यावा की सगळं उरकलंय असा, ते कळेना. मग ओटा दिसला. ओट्यावर वडील बसले होते, डावा पाय पुढे, गुडघ्याखाली प्लास्टर. कडबा काढताना शिडीवरून घसरले होते.

त्यांनी मला नीट निरखून पाहिलं. मग हळू आवाजात विचारलं, "कोन गया रे?"

मी त्यांच्या शेजारी बसलो आणि त्यांच्या दंडाला धरून राहिलो. ते परत परत विचारत होते, कोण गेलं, कोण ते बोल, मला सांग, मी काही घाबरत नाही. आई बाहेर आली. तिने माझ्या डोक्याकडे बघितलं, वडिलांकडे बघितलं, परत माझ्या डोक्याकडे. आत जाऊन टॉवेल आणला आणि माझ्या डोक्यावर टाकला.

मुलगा डोकं उतरवून आला, ही खबर फाट्यावरून गावभर पोचली होती. दिवेलागणीच्या सुमाराला माणसं खांद्यावर उपरणी टाकून यायला लागली. गल्लीच्या तोंडाशी त्यांचे चेहरे तयार असायचे, ओटा दिसला की थबकायची. कोणी तंबाखू मागितली, कोणी बैलाचं विचारलं. एकजण तर तसाच मागे वळून गेला. आईने दुसऱ्या दिवशी उजाडताच वडिलांना पुन्हा ओट्यावर बसवलं, पाठीला लोड दिला आणि दुपारचं जेवणही तिथेच वाढलं. येणाऱ्याजाणाऱ्याला त्यांनी आपण होऊन राम राम घालायचा, तोही मोठ्याने, असा तिचा हुकूम होता. ते तो पाळत होते.

दुपारी ऊन ओट्यावर आलं तेव्हा त्यांनी माझ्या डोक्यावरच्या टॉवेलकडे बघितलं.

"तुना केस येत नहीत तवलगून माले आठेच बसनं पडी का?"

"दोन महिने लागतील, आबा."

त्यांनी प्लास्टरकडे पाहिलं. "डाक्टरबी तितलंच सांगस," म्हणाले, आणि गल्लीतून सायकलवर जाणाऱ्या कुणाला तरी त्यांनी राम राम घातला.