वर्षालीने पाहिलेली होडी

वर्षाली कोयंडे हवाईसुंदरी झाली तेव्हा मिठबावात दोन तट पडले. अर्ध्यांच्या मते पोरीने गावाचं नाव काढलं, अर्ध्यांच्या मते पोर हातची गेली. तिठ्यावर माझा टेलिफोन बूथ. दोन्ही तटांची बडबड माझ्याच बाकावर बसून चालायची, आणि वर चहा माझ्याच घरचा. तिचा बाप सहदेव माझ्या बरोबरीचा, होडीवाला. आई हिरा मासळी विकायची. त्यांच्या घरी फोन नव्हता. त्यामुळे वर्षाली कुठल्याही देशात उतरली की माझ्या बूथवर फोन करायची आणि मी हिराला हाक मारून बोलवायचो.

लोकांना वाटे, ही जग बघते. एकदा गावी आली तेव्हा मीही चिडवलं, "काय गो, आख्खा लंडन बघून झाला?"

"भाईकाका, माका लंडन म्हणजे हॉटेलाचो पडदो," ती म्हणाली. विमान पोचलं की दोन दिवस हॉटेलात मुक्काम, मग पुढचं विमान. ते दोन दिवस भर दुपारी पडदे ओढून झोपायचं, भलत्या वेळी जागं व्हायचं आणि चहाच्या किटलीत भात शिजवून घरून नेलेल्या सोलांच्या सारासोबत खायचा. सुका जवळा पिशवीतच राहायचा. तो भाजला तर वासाने आख्खा मजला जागा होईल. हातातलं घड्याळ कायम मिठबावच्या वेळेवर.

नव्व्याण्णव साली दिवाळी होऊन आठवडा झाला होता. वर्षाली नऊ दिवसांच्या फेरीवर निघाली: मुंबई, लंडन, न्यूयॉर्क आणि तसंच परत. त्याच दिवशी सहदेव होडी घेऊन गेला. जोडीदार तापाने पडला होता म्हणून एकटाच गेला. मी त्याला अडवलं नाही. कोणीच अडवलं नाही, त्याला दर्या काय नवा होता! दुपारी वारा फिरला. बाकीच्या होड्या आल्या, त्याची आली नाही.

दोन दिवसांनी लंडनहून फोन आला. माझ्या फोनचा आवाज इतका मोठा, की पलीकडचंही बोलणं मला ऐकू यायचं. हिराने सगळं सांगितलं. वर्षाली रडत राहिली. मग हिरा एकदम म्हणाली, "गो, तू दर्याच्या वयरसून जातंस मां? मगे जरा वाकान बघ. सफेत होडी आसा, फुडल्या टोकार, नाळीवर, तांबडो बावटो."

मला हसूही आलं असतं, पण हिराचा चेहरा बघून मी मान फिरवली. तीस-पस्तीस हजार फुटांवरून होडी दिसत नाही, हे त्या बाईला कोण सांगणार?

"बघतंय गो आये," वर्षाली म्हणाली. "बघतंय."

तिने साहेबांना परत पाठवा म्हणून विनवलं. लंडनला बदली मुलगी नव्हती, आणि तिच्यावाचून विमान सुटलं नसतं. साडी नीटनेटकी नेसून, ओठांना रंग लावून ती पुढच्या विमानात चढली. मला तिने हे सगळं पुढे सांगितलं. लोकांना रस देता देता ती दाराच्या छोट्या खिडकीशी जायची आणि खाली बघायची. खाली पाणीच पाणी. पाणी आपलं नव्हे, हे तिला कळत होतं. कळूनही ती दुसऱ्याच समुद्रात बापाची होडी शोधत होती. एका म्हातारीने विचारलं, काय दिसतंय? हिने हसून सांगितलं, काही नाही.

इकडे महादू तांडेल दोन होड्या घेऊन चार दिवस शोधत होता. पाचव्या दिवशी त्याने होड्या वर ओढल्या. वारा वाढला होता आणि माणूस मिळेल असं त्याला वाटत नव्हतं. त्याच संध्याकाळी न्यूयॉर्कहून फोन आला. तिथे सकाळ होती. वर्षाली एकोणिसाव्या मजल्यावर होती आणि खोलीची खिडकी उघडत नव्हती. सोबतची आकांक्षा नाश्त्याला चल म्हणून दार ठोठावून गेली होती.

"दिसले काय गो?" हिराने विचारलं. दुसरं काहीच नाही.

मला वाटलं, आता पोर खरं सांगेल. ती म्हणाली, "दिसली गो आये. सफेत होडी. पार भायर."

"बावटो?"

"तांबडोच."

बूथच्या भिंतीवर जगाचा नकाशा होता. लंडनहून न्यूयॉर्कला जाताना आपला दर्या वाटेत लागत नाही, हे शाळेतल्या पोरालाही कळलं असतं. माझ्या जिभेला मात्र कुलूप लागलं. हिरा किनाऱ्याकडे धावत सुटली, मागोमाग मी. महादू उठला. "चेडवान बघल्यान म्हणतंस तर जावकच व्हया," म्हणाला, आणि खवळलेल्या दर्यात त्याने होडी लोटली. त्याला थांबवायला माझं एक वाक्य पुरलं असतं. वर्षालीला परत फोन लावून विचारावं, तर तिच्या हॉटेलाचा नंबर माझ्याकडे नव्हता. मी वाळूत बसून राहिलो. माझी मलाच किळस आली.

महादू दुसऱ्या दिवशी दुपारी परतला, होडीची एक फळी फुटलेली, माणसं जिवंत. सहदेव मिळाला नाही, कधीच मिळाला नाही.

हिराने कुंकू पुसलं नाही. "तेंका चेडवान जिते बघलेले," ती सांगायची. महादू उशिरा पोचला म्हणून तिने त्याच्याशी बोलणं टाकलं. बिचाऱ्याने ते दहा वर्षं सोसलं.

दोन हजार नऊच्या मे महिन्यात वर्षाली गावी आली. पस्तिशीला टेकलेली, पायांच्या शिरा फुगलेल्या. मला मुद्दाम सोबत घेऊन आईसमोर बसली.

"आये, मी तेव्हा खोटा बोललंय. माका कायच दिसूक नाय."

हिराने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "आवशीन आशा सोडूची म्हणान असा सांगतंस. तू बघलंस. फोनार माका सांगलंस."

मी तोंड उघडलं. "हिरा, त्या विमानाची वाटच आपल्या दर्यावयरसून नाय..."

"भाई, तू कधी बसलंस इमानात?"

वर्षाली रडकुंडीला आली. "आये, माझे पाय दुखतत. मी नोकरी सोडतंय."

हिरा घाबरली. तिला एवढी घाबरलेली मी सहदेव गेला तेव्हाही पाहिली नव्हती. "नको गो! तू सोडलंस तर वयरसून बघतलो कोण?"

चौथ्या दिवशी वर्षालीने बॅग भरली. आता हिराकडे मोबाईल आहे, पण तो वाजला तरी तिला घेता येत नाही, म्हणून फोनची वेळ झाली की ती माझ्याच बाकावर येऊन बसते. त्या आठवड्यात कुठल्याशा देशातून फोन आला. हिराने नेहमीचं विचारलं, आज दिसले काय?

"आज ढग होते गो आये," वर्षाली म्हणाली.